‘लिंचियन’: एका आडनावाचं प्रकरण

दिग्दर्शकाच्या आडनावाला शेपूट जोडून विशेषण करायची इंग्रजीची खोड जुनी आहे. हिचकॉकचं हिचकॉकियन झालं, फेलिनीचं फेलिनीएस्क. ऑक्टोबर २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने सिनेमाशी संबंधित शंभराहून अधिक शब्द एका दमात आत घेतले, तेव्हा कुब्रिकियन, टॅरंटिनोएस्क आणि लिंचियन यांनाही जागा मिळाली. यातले बाकीचे शब्द समजावून सांगायला फार त्रास पडत नाही. टॅरंटिनोएस्क म्हणजे खून करण्याआधी बर्गरवर गप्पा मारणारे गुंड, घटनांचा उलटापालटा क्रम आणि जुन्या रेकॉर्डवरची गाणी, एवढं सांगितलं की समोरचा मान डोलावतो.

लिंचियनचं तसं होत नाही. हा शब्द सगळे वापरतात, सगळ्यांना कळतो आणि ‘म्हणजे काय?’ विचारलं की सगळे हवेत हात फिरवतात. १५ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकन दिग्दर्शक डेव्हिड लिंच गेला. एकोणऐंशी पूर्ण व्हायला पाच दिवस होते. त्यानंतरच्या आठवड्यात जगभरच्या इंग्रजी मृत्युलेखांमध्ये हे विशेषण इतक्यांदा आलं की माणूस मागे पडून शब्दच गेला की काय, असं वाटावं. इंग्रजीतला सिनेमाविषयक मजकूर मराठीत आणणं हे माझं रोजचं काम आहे. म्हणून हे प्रकरण एकदा मुळापासून उलगडून पाहतो.

सुरुवात ‘ब्लू व्हेल्व्हेट’पासून करावी लागते, कारण १९८६च्या या चित्रपटाच्या पहिल्या काही मिनिटांत सगळा ऐवज आहे. निळं आकाश, पांढरं लाकडी कुंपण, त्यापुढे लाल गुलाब. रस्त्यावरून अग्निशामक दलाची गाडी सावकाश जाते आणि तिच्यावर उभा असलेला जवान आपल्याकडे बघून हात हलवतो. शाळेची पोरं रस्ता ओलांडतायत. एक गृहस्थ अंगणातल्या हिरवळीला पाणी घालतायत. नळी झुडपात अडकते, तिला पीळ बसतो, तोटीशी पाणी फुसफुसायला लागतं आणि गृहस्थ मानेला हात लावून कोसळतात. ते चिखलात पडलेत, हातातल्या नळीचं पाणी उडतंय आणि त्यांचा कुत्रा त्या कारंज्यावर आनंदाने तोंड मारतोय. मग कॅमेरा गवतात शिरतो. खाली, पात्यांच्या बुडाशी, काळ्या किड्यांची झुंबड कचाकच चावतेय.

पुढे या गृहस्थांचा मुलगा वडिलांना रुग्णालयात भेटून परतताना माळरानात थांबतो. तिथे त्याला माणसाचा कापलेला कान सापडतो, मुंग्या लागलेला. तो कान कागदी पिशवीत घालून पोलिसांकडे नेतो. तिथला अधिकारी पिशवीत डोकावतो आणि अगदी शांतपणे, रेशनकार्डावरचा शिक्का तपासल्यासारखा, सांगतो की हो, हा माणसाचाच कान आहे.

कापलेला कान कुठल्याही रहस्यपटात सापडू शकतो. ती कागदी पिशवी आणि अधिकाऱ्याचा तो सपाट स्वर मात्र लिंचचा आहे. माझ्या मते शब्दाची गोम इथेच आहे.

ऑक्सफर्डने नोंद करताना हेच जरा कोशाच्या भाषेत मांडलं: रोजच्या, साध्या परिसरात अतिवास्तव किंवा अशुभ काहीतरी शेजारी ठेवायचं आणि प्रतिमांमधून स्वप्नासारखं गूढ किंवा धोका जाणवून द्यायचा. व्याख्या चुकीची नाही. पण त्याच्या २२ वर्षं आधी, १९९६ मध्ये, अमेरिकन लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेसने ‘प्रीमियर’ मासिकासाठी लिंचच्या ‘लॉस्ट हायवे’ या चित्रपटाच्या चित्रीकरणावर लांबलचक लेख लिहिला, त्यात त्याने या शब्दाला जास्त घट्ट पकडलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की अत्यंत भयानक आणि अत्यंत सामान्य एकत्र येतात, आणि भयानक हे सामान्याच्या पोटात कायमच होतं हे उघड होतं, तेव्हा ते लिंचियन. लगेच पुढे तो असंही कबूल करतो की व्याख्येने फारसं साधत नाही, उदाहरणं दाखवावी लागतात.

आणि त्याची उदाहरणं अफाट आहेत. टेड बंडी हा अमेरिकेतला कुख्यात खुनी, पण तो लिंचियन नाही. जेफ्री डामर मात्र पक्का लिंचियन, कारण त्याने बळींचे अवयव नीट वेगवेगळे करून फ्रीजमध्ये ठेवले होते, चॉकलेट दूध आणि पावावर लावायच्या लोण्याच्या डब्याशेजारी. नवऱ्याने बायकोचा खून केला, यात लिंचियन काही नाही. पण खुनाचं कारण बायको शेवटचा बर्फाचा खडा घेऊन ट्रे पुन्हा भरून ठेवत नव्हती हे असेल, तर त्या खुनाला लिंचियन वास येतो. म्हणजे वॉलेसच्या हिशोबात हे विशेषण क्रौर्य मोजत नाही, लोण्याचा डबा मोजतं.

आता प्रत्यक्ष वापर पाहा. धुक्यातलं जंगल दिसलं, लिंचियन. लाल मखमली पडदे आणि काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांची फरशी दिसली, लिंचियन. कुणी ठेंगणा माणूस उलट्या उच्चारात बोलला, कथेचा शेवट कळला नाही, दिवा फडफडला, पार्श्वभूमीला घुंऽऽ असा आवाज आला की लिंचियन. अत्तराच्या जाहिराती आणि गाण्यांचे व्हिडिओ तर हा शब्द लेबल म्हणून चिकटवून घेतात. यातली बरीचशी सामग्री खरोखर लिंचच्या ‘ट्विन पीक्स’मधली आहे, हे खरं. ८ एप्रिल १९९०ला एबीसी वाहिनीवर ही मालिका सुरू झाली आणि अमेरिका घरोघरी एकच प्रश्न विचारायला लागली, लॉरा पामरला कुणी मारलं? त्याच वर्षी लिंचला ‘वाइल्ड अ‍ॅट हार्ट’ या चित्रपटासाठी फ्रान्समधल्या कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि १ ऑक्टोबरच्या ‘टाइम’ने त्याला मुखपृष्ठावर घेऊन विचित्रपणाचा सम्राट ठरवलं. झालं. विशेषणाचा अर्थ तिथे जो घसरला तो घसरलाच: लिंचियन म्हणजे विचित्र.

पण ‘ट्विन पीक्स’मध्ये लाल पडद्यांची खोली पहिल्या काही भागांत किती वेळ दिसते? फार थोडा. बाकी वेळ जातो तो गावच्या हॉटेलातल्या चेरी पायमध्ये, कॉफीत, पोलिस ठाण्यात टेबलभर ओळीने मांडलेल्या डोनटांमध्ये. एफबीआयचा अधिकारी खुनाच्या तपासासाठी गावात येतो आणि गाडी चालवता चालवता टेपरेकॉर्डरवर बोलतो काय, तर जेवणाचं बिल किती झालं आणि ही झाडं कसली असावीत! हे सगळं काढून घेतलं आणि पडदे तेवढे ठेवले, तर उरतं ते नेपथ्य.

हाच कस ‘मलहॉलंड ड्राइव्ह’मधल्या एका प्रसंगाला लावून बघता येतो. २००१चा चित्रपट. लॉस एंजलिसमधलं साधं, फॅमिली गर्दीचं हॉटेल, सकाळचं लख्ख ऊन. दोन माणसं टेबलाशी बसलीयत. एकजण दुसऱ्याला आपलं दुःस्वप्न सांगतो: हेच हॉटेल, मी इथेच बसलोय, तू काउंटरपाशी उभा आहेस, मी घाबरलोय, आणि मागच्या भिंतीआड कुणीतरी आहे. ऐकणारा उठतो, बिल द्यायला काउंटरपाशी जातो आणि बरोबर स्वप्नातल्या जागी उभा राहतो. मग दोघं मागच्या बाजूला जातात. दिवसाउजेडी, कचऱ्याच्या डब्यांच्या गल्लीत. पुढचं ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, ज्यांनी पाहिलं नाही त्यांचं मी बिघडवणार नाही. हाच प्रसंग पडक्या वाड्यात, मध्यरात्री घेतला असता तर तो चांगला भयपट झाला असता आणि त्याला हे विशेषण लागलं नसतं.

आणखी एक गैरसमज इथेच निपटून टाकतो. इंग्रजीत बरेचजण हा शब्द छोट्या शहरांच्या दांभिकतेवरचा टोमणा म्हणून वापरतात, जणू लिंच त्या पांढऱ्या कुंपणांची टर उडवत होता. त्याचं बालपण बघितलं तर हे पटत नाही. जन्म १९४६चा, मोंटाना राज्यातल्या मिझूला गावचा. वडील कृषी खात्यात संशोधक, झाडांचे रोग हा त्यांचा विषय. त्यांच्या बदल्यांबरोबर आयडाहो, वॉशिंग्टन, नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया अशी कुटुंबाची वरात फिरली. मुलगा स्काउटमध्ये सर्वोच्च पदापर्यंत पोचला आणि पुढे कित्येक वर्षं स्वतःची ओळख ‘ईगल स्काउट, मिझूला, मोंटाना’ एवढीच देत राहिला. बॉब्ज बिग बॉय नावाच्या हॉटेलात तो सलग सात वर्षं दुपारी अडीचला जाऊन मिल्कशेक पीत असे. हा माणूस कुंपणावर प्रेम करतो आणि कुंपणाखालच्या किड्यांकडेही तितक्याच कुतूहलाने बघतो. मंगळावरून आलेला जिमी स्टुअर्ट असं त्याचं वर्णन झालं, ते चपखल आहे, कारण जुन्या हॉलिवूडचा नट जिमी स्टुअर्ट हा अमेरिकन सज्जनपणाचा चेहरा.

आडनावाचा विषय आहे म्हणून लिंचच्या कारकिर्दीतले नावांचे दोन किस्से सांगायलाच हवेत. पहिला ‘द एलिफंट मॅन’चा. ‘इरेझरहेड’ हा पाच वर्षं रखडत रखडत केलेला पहिला चित्रपट १९७७ मध्ये आला होता आणि मध्यरात्रीच्या खेळांना जाणाऱ्या मंडळींपलीकडे लिंचला फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्याला मोठं काम दिलं विनोदी चित्रपटांचा बादशहा मेल ब्रुक्सने. पण ब्रुक्सने निर्माता म्हणून स्वतःचं नाव कुठेच येऊ दिलं नाही. पोस्टरवर ‘मेल ब्रुक्स’ दिसलं असतं तर लोक हसायला आले असते आणि पडद्यावर दिसला असता विद्रूप शरीराच्या जॉन मेरिकचा छळ. १९८०च्या या चित्रपटाला ऑस्करची आठ नामांकनं मिळाली. एकही पुरस्कार मिळाला नाही, तो भाग वेगळा. आडनावच प्रेक्षकाला आधी काहीतरी सांगून टाकतं, हे ब्रुक्सने ओळखलं होतं. लिंचचं आडनाव तेव्हा अजून काहीच सांगत नव्हतं.

दुसरा ‘ड्यून’चा. १९८४ मध्ये सुमारे चार कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटावर अंतिम संकलनाचा हक्क लिंचकडे नव्हता. चित्रपट पडला. पुढे १९८८ मध्ये टीव्हीसाठी त्याची लांबवलेली आवृत्ती तयार झाली तेव्हा लिंचने स्वतःचं नाव काढून घेतलं. दिग्दर्शक म्हणून तिथे आलं ‘अ‍ॅलन स्मिथी’. असा माणूस अस्तित्वात नाही. अमेरिकेतल्या दिग्दर्शकांच्या संघटनेने १९६९च्या एका चित्रपटापासून हे नाव वापरात आणलं होतं. आपला चित्रपट हातचा गेला असं दिग्दर्शकाने सिद्ध केलं की त्याच्या जागी स्मिथी येत असे. हे समजण्यासारखं आहे. पण पटकथाकाराच्या जागीही लिंचचं नाव नको होतं, आणि तिथे आलं ‘जूडस बूथ’. येशूशी दगा करणारा जूडस आणि अब्राहम लिंकनवर गोळी झाडणारा जॉन विल्क्स बूथ. एवढ्या कडवटपणे स्वतःचं आडनाव मागे घेणाऱ्या माणसाचंच आडनाव पुढे कोशात जाऊन बसलं.

पण सगळा लिंच लिंचियन आहे का? हा प्रश्न मला शब्दाच्या व्याख्येपेक्षा जास्त छळतो, आणि कारण आहे ‘द स्ट्रेट स्टोरी’. १९९९चा चित्रपट, वितरक डिस्ने, अबालवृद्धांनी बघावा असं प्रमाणपत्र. घटना खरी घडलेली: १९९४ मध्ये अ‍ॅल्विन स्ट्रेट नावाचे ७३ वर्षांचे गृहस्थ आजारी भावाला भेटायला आयोवातल्या लॉरेन्सहून विस्कॉन्सिनातल्या माउंट झायनला गेले, गवत कापायच्या यंत्रावर बसून. अंतर २४० मैल, म्हणजे सुमारे ३८५ किलोमीटर. गाडी चालवायचा परवाना नव्हता, म्हणून यंत्र. मागे छोटासा ट्रेलर जोडलेला. चित्रपटात खून नाही, शिवी नाही, पडदे तर नाहीतच. समीक्षकांनी तेव्हा लिहिलं की लिंचने लिंचियन नसलेला चित्रपट केला.

मला हे पूर्ण मान्य नाही, आणि त्याला कारण हरणाचा प्रसंग आहे. म्हाताऱ्याच्या समोरून एक बाई भरधाव गाडीने जातात आणि हरणाला धडकतात. उतरून त्या आकांत मांडतात: सात आठवड्यांत तेरा हरणं! रोज कामावर याच रस्त्याने चाळीस मैल जावं लागतं, भोंगा वाजवते, खिडकीबाहेर ओरडते, दिवे लावते, तरी येतातच. आणि मला हरणं आवडतात हो! एवढं बोलून त्या रडत रडत मोडकी गाडी चालू करून निघून जातात. म्हातारा चहूकडच्या मोकळ्या माळाकडे बघतो, ही हरणं येतात तरी कुठून? पुढच्या दृश्यात त्याने हरणाचं मटण शेकोटीवर शिजवलंय आणि भोवती हरणांचे पुतळे त्याच्याकडे टक लावून बघतायत. तो जरासा अवघडतो आणि पाठ फिरवून जेवायला लागतो. वॉलेसच्या फ्रीजपासून हे फार लांब नाही. फक्त पोटात जे आहे त्याला इथे भीतीऐवजी दुःख म्हणावं लागेल.

याच चित्रपटामुळे आडनावी विशेषणाचा दुसरा अन्याय दिसतो. ‘द स्ट्रेट स्टोरी’ लिंचने लिहिलेला नाही. पटकथा जॉन रोच आणि मेरी स्वीनी यांची, आणि संकलनही स्वीनीचंच. ‘ट्विन पीक्स’ मार्क फ्रॉस्टने लिंचच्या बरोबरीने उभी केली. ज्या घुंऽऽ आवाजाला लोक लिंचियन म्हणतात, तो ‘इरेझरहेड’साठी लिंचबरोबर दिवसरात्र बसून घडवला अ‍ॅलन स्प्लेटने. आणि लॉरा पामरची धून अँजेलो बादालामेंतीची. ती कशी जन्मली ते त्यानेच कॅमेऱ्यासमोर वाजवून दाखवलं आहे. लिंच शेजारी बसून सांगतोय, रात्र आहे, जंगल आहे, वारा आहे, आता झाडामागून एक एकटी मुलगी येतेय, आणि बादालामेंतीची बोटं ऐकता ऐकता ती धून काढतायत. हे दोघांचं काम आहे. विशेषणात एकच आडनाव मावतं.

या सगळ्यावर खुद्द लिंच काय म्हणाला? जवळजवळ काही नाही. २००७ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश चित्रपट अकादमीच्या एका मुलाखतीत तो म्हणाला की ‘इरेझरहेड’ हा माझा सर्वांत आध्यात्मिक चित्रपट आहे. मुलाखतकाराने विचारलं, जरा उलगडून सांगाल? लिंच म्हणाला, नाही. आणि खरंच सांगितलं नाही. बहुतेक दिग्दर्शक स्वतःच स्वतःचे भाष्यकार होतात, हा झाला नाही, म्हणून ती जागा विशेषणाने भरली असा माझा अंदाज आहे.

आता आपल्याकडची अडचण. लिंच या आडनावाने इंग्रजीला आधीच एक क्रियापद दिलं होतं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात व्हर्जिनियात चार्ल्स लिंच नावाचा न्यायाधिकारी ब्रिटिशांच्या बाजूच्या लोकांना कायदेशीर खटल्याशिवाय फटक्यांची शिक्षा देत असे. त्यावरून ‘लिंचचा कायदा’ हा शब्दप्रयोग आला असं सहसा मानतात. विल्यम लिंच नावाचा आणखी एक दावेदारही आहे. पुढे अमेरिकेत कृष्णवर्णीयांना जमावाने ठार मारण्याच्या हजारो घटना घडल्या आणि शब्दाला आजचा अर्थ आला. इंग्रजीत हे क्रियापद छोट्या अक्षराने लिहितात आणि दिग्दर्शकावरचं विशेषण मोठ्या अक्षराने, त्यामुळे डोळ्यालाच फरक कळतो. देवनागरीत मोठं अक्षर नाही. मराठी वाचकाने ‘लिंचिंग’ वाचलंय ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या बातमीत, १ जुलै २०१८ला मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने ठेचून मारलं तेव्हा, आणि नंतर एप्रिल २०२०मध्ये पालघरच्या गडचिंचल्यात. त्याच्यापुढे ‘लिंचियन वातावरण’ असं लिहून टाकलं तर त्याच्या मनात काय येईल?

मराठीची स्वतःची पद्धत आहे. मर्ढेकरी कविता, खांडेकरी वाक्य, कोल्हटकरी विनोद. लेखकांच्या आडनावाला नुसता ‘ई’ लागला की काम होतं. दिग्दर्शकांना ही चाल आपण लावत नाही, तिथे गाड्या उडाल्या की रोहित शेट्टी स्टाइल आणि झुंबरं लटकली की भन्साळी स्टाइल. ‘लिंच स्टाइल’ म्हणणं राईनपाड्यानंतर आणखीच वाईट. ‘डेव्हिड लिंचच्या धाटणीचं’ हे त्यातल्या त्यात निर्धोक, पण ज्याने लिंच पाहिला नाही त्याच्या पदरात काही पडत नाही.

मध्यंतरी एका परदेशी गुन्हेमालिकेचं परीक्षण हातात आलं, त्यात हा शब्द तीनदा. मालिका लावून पाहिली. खून झालेल्या घरात पोलिस पंचनामा करतायत आणि मागे फ्रीजवर फळाच्या आकाराच्या मॅग्नेटखाली मुलाच्या शाळेचं वेळापत्रक लावलेलं, त्यात मंगळवारी पोहणं. परीक्षण लिहिणाऱ्याने या वेळापत्रकाचा उल्लेखही केला नव्हता. मूळ लेखकाची परवानगी मागून मी पहिल्या ठिकाणी ते वेळापत्रक घातलं, उरलेल्या दोन ठिकाणी ‘विचित्र’ लिहिलं. उपसंपादकांनी शीर्षकात ‘गूढरम्य’ टाकलं ते टाकलंच.